श्वासयंत्राची सवय

घोरणाऱ्या माणसाची थट्टा करण्याचा प्रघात कोणत्याहि देशाला नवा नाहीं. आमच्याकडे या थट्टेचें दैवत कुंभकर्ण होय. त्याला उठवावयास गेलेल्या राक्षसांना त्याच्या निःश्वासापुढें उभें राहणेंहि कठीण झालें, असें वर्णन वाल्मीकीच्या युद्धकांडांत आहे; आणि मोठ्यानें घोरतो तो गाढ झोंपलेला, सुखी, किंबहुना आळशी, ही आमची समजूत तितकीच जुनी असावी. ही समजूत पुष्कळ अंशीं खोटी ठरली आहे. मोठ्यानें व थांबत थांबत घोरणाऱ्या पुष्कळांना खरी झोंप अशी रात्रभर मिळतच नाहीं. घशाच्या मऊ भिंती झोंपेंत सैल पडून एकमेकींस चिकटतात. छाती आणि पोट श्वासासाठीं धडपडतात, पण हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो. मेंदु क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठा घुरकारा निघतो, आणि तेंच चक्र पुन्हा सुरू होतें. रोग तीव्र असला तर तासाला तीस किंवा त्याहूनहि अधिक वेळां असें घडतें. सकाळीं रोग्याला यांतलें कांहींच आठवत नाहीं. आठवतें तें शेजारीं निजणाऱ्याला.

इंग्रजींत या रोगाला 'स्लीप ॲप्निआ' म्हणतात. आम्ही त्याला निद्राश्वासरोध म्हणूं. त्यावरचा आजचा प्रमुख उपाय म्हणजे नाकावर मुखवटा बांधून, लहानशा यंत्रानें किंचित् दाबाची हवा रात्रभर घशांत सोडणें. हें यंत्र 'सीपॅप' या आद्याक्षरांच्या नांवानें ओळखलें जातें. त्याचा शोध एका रात्रींत लागला असें म्हटलें तरी चालेल. परंतु तें लावून झोंपण्याची सवय माणसाला लागावी म्हणून गेलीं चाळीस-पंचेचाळीस वर्षें जे प्रयत्न चालू आहेत, त्यांचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. आमच्या मतें खरा इतिहास तोच आहे. शिवाय त्यांत न्यायाचा एक प्रश्न गुंतलेला आहे. या रोगाच्या प्रत्येक टप्प्यावर दोष कोणाचा असें विचारलें गेलें, आणि प्रत्येक टप्प्यावर बोट दाखविण्यांत आलें तें झोंपणाऱ्याकडेच.

काळ्या समुद्राच्या कांठच्या हेराक्लीआ नगरीचा डायोनिसिअस नांवाचा अधिपति इ. स. पूर्वीच्या चवथ्या शतकांत होऊन गेला. तो इतका स्थूल होता व त्याला अशी जड झोंप येई कीं, वैद्यांनीं लांब बारीक सुया करवून घेतल्या आणि तो झोंपेंत बुडाला म्हणजे त्या त्याच्या बरगड्यांत व पोटांत टोंचाव्या अशी आज्ञा दिली. चरबीच्या थरांतून सुई जिवंत मांसापर्यंत पोंचली म्हणजे तो जागा होई. त्याला हाच रोग होता असें आजचे कित्येक वैद्य मानतात. तसें असेल तर या रोगावरचा पहिला उपचार म्हणजे रोग्याला झोंपूंच न देणें, हा होय!

पुढें दोन हजारांहून अधिक वर्षें या बाबतींत सांगण्याजोगें फारसें घडलें नाहीं. सन १८३६-३७ मध्यें डिकन्स यांची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तींत जो नांवाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या, दार ठोठावतां ठोठावतां झोंपी जातो. वाचक हंसले, आणि तें योग्यच होतें. परंतु १९५६ सालीं बोस्टन येथील बर्वेल व त्यांचे सहकारी यांनीं एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध करतांना या रोगाला 'पिकविकी' हें नांव जोडलें, तेव्हां कादंबरींतला विनोद वैद्यकाच्या ग्रंथांत कायमचा शिरला. हा रोगी व्यवसायानें एक मोठा अधिकारी होता. पत्त्यांच्या डावांत हातीं तीन एक्के व दोन राजे आले असतांना त्याचा डोळा लागला, व जिंकण्याजोगा डाव हातचा गेला. तेव्हां कोठें आपण आजारी आहों असें त्याला वाटलें. डॉक्टरांनीं त्याला उपाशी ठेवून त्याचें वजन उतरविलें. तो सुधारला हें खरें. पण त्याची दिवसाची गुंगी रात्रींच्या श्वासांतून उगवते हें मात्र त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. रोगी जागा असतां तपासला जाई, आणि रोग तर झोंपेंत होता. खादाड पोराचें नांव मात्र रोग्यांना चिकटलें. कृश माणसालाहि हा रोग होऊं शकतो, जबड्याच्या ठेवणीनें होतो, वाढलेल्या टॉन्सिल्समुळें मुलांनाहि होतो, हें उमगावयास पुष्कळ काळ लागला.

रोग्याला झोंपेंत पाहण्याचें काम १९६५ सालीं दोन ठिकाणीं झालें. फ्रान्समध्यें मार्सेय येथें गास्तो आणि त्यांचे सहकारी, व जर्मनींत फ्रायबुर्ग येथें युंग आणि कूलो, यांनीं मेंदूच्या विद्युल्लहरी व श्वास एकत्र नोंदवून, हे लोक झोंपेंत पुनःपुन्हा श्वासाविना राहतात हें दाखविलें. इटलींत बोलोन्याच्या लुगारेसी यांनीं हें काम पुढें नेलें, आणि १९७६ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील गीयमिनो यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह रोगाला आजचें नांव रूढ केलें. निदान झालें, पण उपाय कोणता? १९६९ सालीं कूलो व त्यांच्या सोबत्यांनीं गळ्याला समोरून छिद्र पाडून, घशाला वगळून, हवा थेट श्वासनलिकेंत नेण्याचा मार्ग दाखविला. उपाय रामबाण होता. दिवसा बूच लावावें, बोलावें, कामास जावें. रात्रीं बूच काढून निजावें. परंतु जन्मभर गळ्यांत उघडें भोंक वागवावयाचें, तें रोज धुवावयाचें, चिघळलें तर सोसावयाचें, पाण्यांत उतरावयाचें नाहीं, आणि लोकांच्या नजरा टाळावयाच्या, हें ज्याला करावें लागे त्यालाच त्याचें मोल ठाऊक.

या छिद्राला एका रोग्यानें दिलेला नकार आमच्या कथेच्या मुळाशीं आहे. ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथील रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयांत जून १९८० मध्यें तीव्र श्वासरोधाचा एक रोगी होता. गळ्याला छिद्र पाडून घेण्यास त्यानें स्पष्ट नकार दिला. मात्र आपल्या रोगाविषयीं जाणून घेण्याची त्याला उत्सुकता होती, आणि एका रात्रींपुरता नवा प्रयोग करून पाहण्यास तो कबूल झाला. प्रयोग करणारे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं त्यापूर्वीं टोरोंटो येथें फिलिप्सन यांच्यापाशीं झोंपलेल्या कुत्र्यांच्या श्वासोच्छ्वासाचा अभ्यास केला होता. त्यांनीं पंख्याची हवा नळीवाटे रोग्याच्या नाकांत सोडली व दाब हळूहळू वाढवीत नेला. एका मर्यादेला येतांच घोरणें थांबलें, श्वास सुरळीत चालूं लागला. दाब उतरविला कीं घसा पुन्हा बंद, चढविला कीं मोकळा. खात्री पटेपर्यंत त्यांनीं हें करून पाहिलें, आणि मग रोग्याला झोंपूं दिलें. तो कित्येक तास अखंड झोंपला व सकाळीं ताजातवाना होऊन उठला. पांच रोग्यांवरील निष्कर्ष एप्रिल १९८१ मध्यें 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आले. लागलेला दाब पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका होता. वातावरणाचा दाब याच मापानें हजाराहून अधिक भरतो. म्हणजे दाबांत शतांशाची काय ती भर! यंत्र रोग्यासाठीं श्वास घेत नाहीं, त्याला प्राणवायुहि देत नाहीं. कोसळूं पाहणाऱ्या घशाला आंतून हवेचा टेकू देतें, इतकेंच.

टेकूची ही कल्पना अगदीं नवी होती असें मात्र नाहीं. या यंत्राची वंशावळ पाहूं जातां एक गमतीची गोष्ट आढळते: केर ओढणारें विजेचें यंत्र तींत वारंवार येतें. १९२८ सालीं बोस्टन येथें ड्रिंकर व शॉ यांनीं पोलिओच्या रोग्यांसाठीं 'लोखंडी फुप्फुस' बांधलें, त्याचा वारा अशाच यंत्राच्या पंख्यांनीं खेळविला होता. १९३६ सालीं लंडनमध्यें डॉ. पोल्टन यांनीं, हृदय थकल्यामुळें ज्यांच्या फुप्फुसांत पाणी भरे अशा रोग्यांना, केर ओढण्याच्या यंत्राची हवा उलट्या दिशेनें मुखवट्यांतून दिली. १९७१ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें ग्रेगरी यांनीं अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांची फुप्फुसें याच सौम्य, अखंड दाबानें उघडीं ठेवून त्यांचे प्राण वांचविले. या सर्व प्रसंगीं रोगी मृत्यूच्या दारीं होता. त्याला यंत्र आवडतें कीं नाहीं हें विचारण्याचें कारणच नव्हतें. सिडनीच्या रोग्याची गोष्ट निराळी. त्याला तें यंत्र घरीं न्यावयाचें होतें, पत्नीशेजारीं ठेवावयाचें होतें, आणि उद्यां, परवां, दर रात्रीं, मरेपर्यंत लावावयाचें होतें. वैद्यकाला असा प्रश्न पूर्वीं फारसा पडलेला नव्हता.

पहिल्या वर्षांतील रोग्यांनीं जें सोसलें तें वाचून आम्हांस त्यांचें नवल वाटतें. प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा सांचा घ्यावयाचा, त्यावरून कांचतंतूंचा मुखवटा घडवावयाचा, आणि हवा निसटूं नये म्हणून तो दर रात्रीं सिलिकोनच्या लुकणानें चेहऱ्याला अक्षरशः चिकटवावयाचा. सकाळीं तो उपटून काढावयाचा, लुकण खरवडावयाचें. रात्रीं पुन्हा तेंच. यंत्र अवजड व कर्कश असे. तरीसुद्धां १९८५ च्या सुमारास सिडनींत शंभरावर माणसें हें यंत्र घरीं लावून झोंपत होतीं. तीं कां टिकलीं? आमच्या समजुतीनें याचें उत्तर सोपें आहे. त्यांच्यापुढें दुसरी वाट गळ्यांतील छिद्राची होती, आणि त्यांतील बहुतेकजण इतके आजारी होते कीं पहिल्याच सकाळीं त्यांना स्वतःचें डोकें पुन्हा सांपडल्यासारखें वाटलें असेल. यंत्राची सवय लागते ती अशा सकाळीं, रात्रीं नव्हे.

१९८५ सालीं अमेरिकेंत रेस्पिरॉनिक्स कंपनीनें हें यंत्र बाजारांत आणलें, आणि १९८९ सालीं सिडनीच्या संशोधनांतून पीटर फॅरल यांनीं दुसरी कंपनी उभी केली. तीच पुढें रेसमेड झाली. मग मऊ सिलिकोनच्या कांठाचे व पट्ट्यांनीं बांधावयाचे मुखवटे आले. नाकपुड्यांना नुसत्या टेकणाऱ्या लहान गाद्या आल्या. झोंप लागेपर्यंत दाब कमी ठेवून तो हळूहळू चढविण्याची सोय झाली. श्वास सोडतांना दाब आपोआप उतरविणारीं, व गरजेप्रमाणें तो स्वतः ठरविणारीं यंत्रें १९९० नंतर निघालीं. नाक व घसा कोरडा पडतो या तक्रारीवर हवा ऊन व ओलसर करणारें भांडें यंत्राला जोडण्यांत आलें. एक एक सुधारणा पाहिली तर क्षुल्लक वाटते. परंतु त्या सर्व ओळीनें मांडल्या म्हणजे दिसतें तें असें कीं, माणसाला यंत्राची सवय लागण्याआधीं यंत्रालाच माणसाची सवय लावून घ्यावी लागली. आणि ज्यांनीं तें टाकून दिलें त्या रोग्यांच्या तक्रारींनींच त्याला हें शिकविलें.

तरीहि टाकून देणारांची संख्या मोठी होती. किती मोठी, हें प्रथम नीट मोजलें फिलाडेल्फियांतील क्रिब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, १९९३ सालीं. त्यांनीं यंत्राच्या पोटांत एक मोजणी करणारें उपकरण गुप्तपणें बसविलें, आणि ३५ रोग्यांना सरासरी १०६ दिवस तें यंत्र वापरूं दिलें. शेंकडा ६० रोग्यांनीं आपण रोज यंत्र लावतों असें सांगितलें. आंतल्या उपकरणाची साक्ष निराळी निघाली: शेंकडा ७० दिवशीं निदान चार तास, एवढी कसोटी फक्त १६ जणांना, म्हणजे शेंकडा ४६ रोग्यांना, उतरतां आली. रोगी बुद्धिपुरस्सर खोटें बोलले असें आम्हांस वाटत नाहीं. अर्ध्या झोंपेंत दोन वाजतां मुखवटा काढून टाकणाऱ्याला सकाळीं तें आठवतेंच असें नाहीं.

पण या आंकड्यांचें पुढें जें झालें तें विचार करण्याजोगें आहे. चार तास व शेंकडा सत्तर ही एका प्रयोगापुरती आंखलेली रेघ होती. चार तासांत रोग बरा होतो असें कोणीं सिद्ध केलेलें नव्हतें. तरी २००८ पासून अमेरिकेंतील मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यानें जवळजवळ तीच रेघ नियम म्हणून स्वीकारली: पहिल्या तीन महिन्यांत लागोपाठच्या तीस दिवसांपैकीं शेंकडा सत्तर रात्रीं निदान चार तास यंत्र चालल्याचा पुरावा असेल, तरच पुढें त्याचा खर्च मिळेल. आतां यंत्रें रोजचा हिशोब बिनतारी मार्गानें परस्पर कळवितात. ज्या पेटीनें झोंप द्यावयाची, तीच साक्षीदार होऊन बसली. इंग्रजी वैद्यकीय लेखांत या विषयाला दीर्घकाळ 'कंप्लायन्स', म्हणजे सरळ मराठींत आज्ञापालन, असें म्हणत. अलीकडे त्याजागीं मवाळ शब्द योजतात. शब्द बदलला, पण चार तासांची रेघ तशीच आहे. पूर्वीं खादाड म्हणून हिणविलेला रोगी आतां अवज्ञा करणारा ठरूं लागला, एवढाच काय तो फरक.

मोजणीचा निकाल असा केवळ रोग्याविरुद्धच लागला, असें म्हणणें मात्र एकांगी होईल. त्याच मोजणीनें कांहीं उपयुक्त गोष्टीहि उजेडांत आणल्या. १९९७ सालीं वीव्हर यांच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, नियमानें यंत्र लावणारे व मधून मधून चुकविणारे हे दोन गट पहिल्या चार दिवसांतच वेगळे पडूं लागतात. म्हणजे जी मदत करावयाची ती त्या चार दिवसांत केली पाहिजे. महिन्याभरानें पत्र पाठवून उपयोग नाहीं. १९९९ सालीं स्कॉटलंडमध्यें एडिंबरो येथें ८० रोग्यांचे दोन गट करून एका गटाला नेहमींची शिकवणी दिली, व दुसऱ्या गटाकडे परिचारिका घरीं जाऊन, जोडीदाराला समोर बसवून, सर्व समजावून देत. सहा महिन्यांअखेर पहिल्या गटाचा वापर रात्रीं ३.८ तास, तर दुसऱ्याचा ५.४ तास भरला. यंत्र तेंच, मुखवटे तेच. केवळ जोडीदाराच्या तक्रारीमुळें दवाखान्यांत आलेल्यांपेक्षां स्वतः होऊन आलेले यंत्र अधिक वापरीत, असेंहि तेथें दिसून आलें. दुसऱ्याच्या झोंपेसाठीं माणूस फार दिवस मुखवटा बांधून घेत नाहीं.

सवय लावण्याची जी रीत आतां जाणते लोक सांगतात, ती घोड्याला खोगीर दाखविण्याच्या रीतीसारखी आहे. प्रथम दिवसा, जागेपणीं, मुखवटा नुसता हातानें नाकाशीं धरावा. पट्टे बांधूं नयेत. मग वाचीत किंवा टेलिव्हिजन पाहत असतां पंधरा-वीस मिनिटें यंत्र चालू ठेवावें. मग दुपारची डुलकी, आणि मग रात्र. कोंडल्यासारखें वाटून जीव घाबरणें, पोटांत हवा जाणें, नाकाच्या पाळ्यांवर वळ उठणें, हीं सर्व गाऱ्हाणीं खरीं असतात, आणि बहुधा मुखवट्याचें माप किंवा दाब बदलून तीं कमी होतात. ज्यांना सांगणारें कोणी भेटत नाहीं, ते पट्टे घट्ट आंवळतात. त्यानें हवा अधिकच निसटते, आणि यंत्र कपाटांत जातें.

आमच्याकडे हा रोग श्रीमंत देशांचा, असें समजण्याची चाल होती. मुंबईंत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३५ ते ६५ वयाच्या ६५८ निरोगी समजल्या जाणाऱ्या पुरुषांची पाहणी करून २००४ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाच्या गुंगीसह हा रोग असणारांचें प्रमाण त्यांत शेंकडा ७.५ इतकें निघालें. पाश्चात्त्य आंकड्यांहून तें कमी नव्हतें. येथें यंत्राचा खर्च बहुधा घरांतूनच करावा लागतो. चार तासांचा हिशोब मागणारा मेडिकेअर नाहीं, तसा मदतीला येणाराहि नाहीं. शिवाय आमच्या घरांत निजण्याची खोली क्वचितच दोघांपुरती असते. आजीबाई विचारतात हें नाकाला काय लावलें आहे, नातवंडें सोंड म्हणून हंसतात, आणि पाहुणे आले म्हणजे यंत्र पलंगाखालीं जातें. विजेचीहि एक अडचण आहे. या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यांनीं व लहान गांवांनीं तासन्‌तासांचें भारनियमन सोसलें. वीज गेली कीं हवेचा टेकू जातो, व झोंपणारा दचकून उठतो. घोरणें थांबल्यावर पहिल्या रात्रीं घरांतलीं माणसें उलट जागीं राहतात, श्वास चालू आहे ना हें पाहण्यासाठीं, हा अनुभव मात्र पुष्कळ घरांत सारखाच आहे.

येथें एका अप्रिय निष्कर्षाचा उल्लेख केला नाहीं तर तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २७१७ श्वासरोधी रोग्यांवर भारतासह सात देशांत एक मोठा प्रयोग झाला, व त्याचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्या रोग्यांना सरासरी ३.७ वर्षें पाहिलें असतां, यंत्र दिलेल्या गटांत हृदयाचे व मेंदूचे झटके कमी झाले नाहींत. गुंगी कमी झाली, मन सुधारलें, कामाचे बुडणारे दिवस घटले; पण झटके तेवढेच. टीकाकारांनीं लगेच दाखवून दिलें कीं, यंत्राचा सरासरी वापर रात्रीं केवळ ३.३ तास होता, आणि तोहि अशा लोकांत कीं ज्यांना प्रयोगांत घेण्यापूर्वीं आठवडाभर लटक्या यंत्रावर चाचपून पाहिलें होतें. यंत्र निरुपयोगी, कीं वापर अपुरा? वाद मिटलेला नाहीं. आमचा कल असा आहे कीं, अर्धी रात्र घेतलेल्या औषधावरून पूर्ण रात्रीच्या गुणाचा निकाल देऊं नये. पण जें औषध निवडक माणसेंहि अर्धीच रात्र घेऊं शकतात, त्याच्या घडणींत अजून कांहीं उणें आहे, हेंहि कबूल केलें पाहिजे.

जून २०२१ मध्यें फिलिप्स कंपनीनें जगभरांतून लाखों यंत्रें परत मागविलीं. रेस्पिरॉनिक्स कंपनी तोंवर तिच्या ताब्यांत आली होती. झोंपणाराला व त्याच्या जोडीदाराला आवाजाचा त्रास होऊं नये म्हणून या यंत्रांत पॉलियुरेथेनचा मऊ स्पंज बसविलेला होता. तो कालांतरानें झिजून त्याचे कण व त्यांतून निघणारे वायु नळीवाटे श्वासांत जाण्याचा संभव आहे, असें दिसून आलें. कित्येक वर्षें झगडून ज्यांनीं सवय लावून घेतली होती, त्यांच्यापुढें प्रश्न पडला कीं यंत्र बंद ठेवून पुन्हा गुदमरावें, कीं तें लावून काय श्वासांत जातें याची धास्ती बाळगावी. बदली यंत्रासाठीं पुष्कळांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. तेवढ्या अवधींत कित्येकांनीं, डॉक्टरांशीं विचारविनिमय करून, तेंच यंत्र नाकाशीं लावून झोंपणें चालू ठेवलें.